घाटात मोजलेला धूर

पीयूसीचे प्रमाणपत्र मिळते तेव्हा गाडी उभी असते. पेट्रोलची असेल तर इंजिन नुसते चालू ठेवून धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलची असेल तर गिअर न टाकता अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि धुरामुळे प्रकाश किती अडतो ते पाहतात. गाडीत ना माणसे, ना माल, ना समोर चढ. डिझेलच्या धुरातला शहरांना विशेष जाचणारा घटक म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे, आणि त्यांची मोजणी या चाचणीत होतच नाही. असे हे प्रमाणपत्र बीएस चार आणि बीएस सहाच्या गाड्यांना वर्षभर पुरते. आता हीच गाडी मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे निघालेली काळी-पिवळी जीप आहे असे धरा. आत आसनक्षमतेपेक्षा जास्त माणसे, टपावर पोती, आणि समोर तोरंगणचा घाट. या चढावर इंजिन जे ओकते त्याचा पीयूसीच्या कागदाशी फारसा संबंध उरत नाही. धूर मोजायचा तर गाडी जिथे राबते तिथे, ती राबत असताना मोजला पाहिजे, हे या प्रकरणाचे म्हणणे आहे. त्यासाठी लागणारे यंत्र जगात साडेतीन दशकांहून अधिक काळ वापरात आहे. ते उभे कुठे करायचे आणि त्याच्या आकड्यांचे करायचे काय, हे मात्र आपल्याकडे अजून नीट ठरलेले नाही.

दूरसंवेदन म्हटले की आपल्याला आधी उपग्रह आठवतो. युरोपचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह २०१७ पासून नायट्रोजन डायऑक्साइडचे नकाशे पाठवतो आणि त्यांत मुंबई-ठाण्याचा पट्टा ठळक दिसतो. पण त्याचा एकेक ठिपका काही किलोमीटरांचा असतो, त्यातून कुठली गाडी किती धूर सोडते ते कळत नाही. इथे बोलायचे आहे ते रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या यंत्राबद्दल. अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टेडमन आणि त्यांचे सहकारी गॅरी बिशप यांनी ते १९८७ च्या सुमारास उभे केले. रस्त्याच्या एका बाजूने अवरक्त प्रकाशाचा झोत आडवा सोडायचा आणि पलीकडे तो टिपायचा. पुढे त्यात अतिनील प्रकाशाची भर पडली. गाडी झोत ओलांडून गेली की तिच्या मागे धुराचा लोट काही क्षण रेंगाळतो. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, नायट्रिक ऑक्साइड हे वायू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, त्यामुळे अर्ध्या सेकंदात त्यांचा पत्ता लागतो. गाडीला थांबवावे लागत नाही, चालकाला कळतही नाही.

यातली खरी चतुराई वेगळीच आहे. सायलेन्सरमधून निघालेला धूर झोतापर्यंत येईतो हवेत किती पातळ झाला, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून स्टेडमन यांनी वायूचे प्रमाण मोजलेच नाही, दोन वायूंचे गुणोत्तर मोजले. चहात पाणी वाढले तरी त्यातल्या साखरेचे दुधाशी प्रमाण बदलत नाही, तसे धूर कितीही विरळ झाला तरी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडशी असलेले नाते तेच राहते. इंधनातला जवळजवळ सगळा कार्बन या ना त्या वायूच्या रूपाने बाहेर पडणार हे ठाऊक असल्याने, या गुणोत्तरावरून एक किलो इंधन जाळताना गाडीने किती ग्रॅम विष सोडले याचा हिशेब मांडता येतो. सोबत एक उपकरण गाडीचा वेग आणि वेगातली वाढ नोंदवते आणि कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. आपल्याकडे ‘वाहन’ या सरकारी नोंदणीत तो क्रमांक घातला की गाडीचे मॉडेल, वय, इंधन आणि बीएसचा टप्पा समोर येतो. दिवसभरात हजारो गाड्यांची अशी नोंद होऊ शकते.

या नोंदींनी पहिला धक्का दिला तो वाटणीचा. धूर सगळ्या गाड्या सारखा सोडत नाहीत. अमेरिकेतल्या मोजणीत कार्बन मोनॉक्साइडचा निम्म्याच्या आसपास वाटा दहा टक्क्यांइतक्या किंवा त्याहूनही कमी गाड्यांचा निघाला. दुसरा धक्का याहून अडचणीचा होता. नव्या गाड्यांतल्या सर्वांत वाईट गाड्या जुन्यांतल्या सर्वांत चांगल्या गाड्यांपेक्षा जास्त धूर सोडताना आढळल्या. म्हणजे गाडीचे वय महत्त्वाचे खरे, पण तिची देखभाल त्याहून कमी महत्त्वाची नाही. भारतात पश्चिम बंगालच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोलकात्यात २००९ पासून हे तंत्र वापरायला घेतले. त्यानंतरची मोठी मोजणी डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात दिल्ली आणि गुरुग्राममध्ये झाली. ‘ट्रू’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाखाली एक लाखाहून अधिक गाड्यांचा धूर टिपला गेला आणि निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीएस चारच्या तुलनेत बीएस सहाच्या खासगी मोटारींची नायट्रोजन ऑक्साइडे ८१ टक्क्यांनी आणि बसची सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. नियम कडक केले तर फरक पडतो, याचा हा रस्त्यावरचा पुरावा. पण त्याच मोजणीत सीएनजीची अब्रू गेली. आपण ज्याला डोळे झाकून स्वच्छ इंधन म्हणतो त्या सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सी आणि छोटी मालवाहने नायट्रोजन ऑक्साइडांच्या बाबतीत प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या कितीतरी पट पुढे गेलेली सापडली. पीयूसी केंद्रावर हे कधीच दिसले नसते.

महाराष्ट्राने या प्रश्नाला आजवर जे उत्तर दिले ते मुख्यतः वयाचे आणि इंधनाचे. मुंबईत स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेवरून उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. एम. लाल समिती नेमवली, आणि पुढे जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याचा मार्ग ठरला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली. ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी बरोबर वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, रस्त्यावरून उतरली आणि शहर हळवे झाले. वयाचा नियम राबवायला सोपा, म्हणून सरकारांना तो आवडतो. तो आंधळाही आहे. दिल्लीत जुलै २०२५ मध्ये पेट्रोल पंपांवर कॅमेरे लावून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली, आणि ओरड होताच काही दिवसांत ती थांबवावी लागली. त्या कॅमेऱ्यांना नंबरप्लेट वाचता येत होती, धूर वाचता येत नव्हता. नीट राखलेल्या गाडीच्या मालकाने विचारले, की माझी गाडी घाण आहे हे कशावरून, तर त्याला दाखवायला जन्मतारखेपलीकडे काही नव्हते. शिवाय असा नियम शहराच्या वेशीवर संपतो. टॅक्सीचा परवाना मुंबईत संपला किंवा गाडीला दिल्लीबाहेर जायचे ना-हरकत पत्र मिळाले, म्हणून इंजिन विझत नाही. ते जिथे नियम सैल आणि गिऱ्हाईक गरजू, तिथे चालू राहते.

म्हणून यंत्र कुठे उभे करायचे हा प्रश्न दिसतो तितका तांत्रिक नाही. शहरातला चौक त्याला मानवत नाही. झोतातून एका वेळी एक गाडी जायला हवी, आणि आपल्या चौकात रिक्षेच्या बगलेत दोन दुचाकी आणि त्यांच्या मागे टेम्पो असतो. कोणाचा धूर कोणाच्या नावावर लागेल सांगता येत नाही. दुसरी अट इंजिनावरच्या भाराची आहे. दर टन वजनामागे इंजिनाला किती किलोवॅट ताकद लावावी लागते यावर नोंद ग्राह्य की अग्राह्य ते ठरते, आणि अमेरिकेत रूढ असलेली मर्यादा साधारण ३ ते २२ किलोवॅटची आहे. हिशेब करून पाहा. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या स्थिर वेगाने जाणाऱ्या मोटारीला दर टनाला जेमतेम सव्वा किलोवॅट लागतो, म्हणजे नोंद बाद. त्याच वेगाने तीच गाडी पाच टक्के चढ चढू लागली, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर, की नुसत्या चढासाठी आणखी चार किलोवॅट लागतात. आता नोंद मर्यादेत येते. म्हणजे वेग न बदलता, फक्त चढामुळे, निरुपयोगी नोंद उपयोगी होते.

पालघरकडून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा आणि त्र्यंबकेश्वर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६०अ या दोन्ही अटी आपसूक पुऱ्या करतो. एका बाजूला तारापूर-बोईसरचा औद्योगिक पट्टा, दुसऱ्या बाजूला नाशिक. मधे समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास वसलेले जव्हार. वळणावळणांच्या या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी एका दिशेला एकच रांग असते आणि ती चढत असते. इथून पालघरच्या, ठाण्याच्या, नाशिकच्या आणि गुजरातच्या गाड्या जातात. एसटीच्या बस, जीपगाड्या, ट्रक, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघालेली कुटुंबे घेऊन जाणारे टेम्पोही. अर्थात घाटातली प्रत्येक जागा चालणार नाही. तीव्र चढावर चालकाने वेगही वाढवला तर भार वरची मर्यादा ओलांडतो. अशा वेळी पेट्रोलचे इंजिन इंधन जास्त घेते आणि धडधाकट गाडीही घाणेरडी दिसते. यंत्राला आडवळणाची खिंड नको, तिच्या अलीकडचा मध्यम, सरळ चढ हवा. मुंबईत हीच सोय उड्डाणपुलांच्या चढांवर मिळू शकते. पण शहरातून बाहेर पडलेल्या गाड्या आयुष्याचा उत्तरार्ध कसा काढतात, ते पुलावर दिसत नाही, घाटात दिसते.

यावर पहिला आक्षेप कोणीही घेईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोखाड्याला हे सोंग कशाला? नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी वस्तीचे जव्हार आणि मोखाडा हे तालुके कुपोषणासाठी बातम्यांत येतात. १९९२ च्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची आठवण अजून पुसलेली नाही. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या अंगणात, तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. इथल्या बाईच्या फुप्फुसात जाणारा धूर महामार्गापेक्षा चुलीचा जास्त असणार, हे मान्यच करायला हवे. मोखाड्याची हवा गाड्यांनी कोंडली आहे असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. पण म्हणून शहराच्या धुराशी इथला संबंध तुटत नाही. गाड्यांतून निघालेली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बन उन्हात एकमेकांशी रासायनिक क्रिया करतात आणि त्यातून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. याला काही तास लागतात, आणि तेवढ्यात वारा हवा पुढे नेतो. त्यामुळे ओझोनचे प्रमाण अनेकदा शहराच्या मध्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ग्रामीण भागात जास्त भरते, ही जगभर आढळलेली गोष्ट आहे. पश्चिमेचे वारे मुंबई, ठाणे, वसई-विरारची हवा सह्याद्रीकडे लोटतात तेव्हा वाटेत काय येते, ते नकाशात पाहावे. ओझोन पिकांच्या पानांनाही बाधतो, भात आणि गहू त्यात येतात. धरणाचे पाणी शहराकडे जाते आणि शहराचा धूर इकडे येतो, हा व्यवहार कोणत्याही करारात लिहिलेला नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड. अर्ध्या सेकंदाच्या नोंदीवर एखाद्या गाडीला दोषी कसे ठरवायचे? चालकाने नेमका त्याच क्षणी गिअर बदलला असेल, इंजिन थंड असेल, पुढच्या गाडीचा लोट अजून विरला नसेल. आक्षेप खरा आहे, आणि ज्यांनी तो गांभीर्याने घेतला त्यांचीच योजना टिकली. हाँगकाँगने १ सप्टेंबर २०१४ पासून रस्त्यावरचे दूरसंवेदन कायद्याच्या कामी लावले. तिथे एकामागे एक दोन यंत्रे ठेवतात आणि दोन्हींनी बोट दाखवले तरच मालकाला नोटीस जाते. नोटीस म्हणजे दंड नव्हे. बारा कामकाजाच्या दिवसांत गाडी दुरुस्त करायची आणि नेमलेल्या केंद्रात, रोलरवर गाडी पळवून घेतलेल्या चाचणीत, ती उत्तीर्ण करून दाखवायची. न दाखवल्यास परवाना धोक्यात. महत्त्वाचे म्हणजे ही मोहीम पेट्रोल आणि एलपीजीच्या गाड्यांपुरती सुरू झाली, डिझेल तिच्याबाहेर होते. डिझेल इंजिनाचा धूर क्षणाक्षणाला इतका बदलतो की एकट्या नोंदीवर विसंबून गाडी पकडली तर निर्दोष गाड्याही जाळ्यात येतात.

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावरच्या बहुतेक जीप, ट्रक आणि बस डिझेलच्या आहेत. मग यंत्र बाद का? नाही, फक्त प्रश्न बदलायचा. एका गाडीची एक नोंद कच्ची असते, पण एकाच मॉडेलच्या पाचशे गाड्यांची सरासरी कच्ची राहत नाही. तिच्यातून कळते की अमुक कंपनीची अमुक गाडी प्रयोगशाळेत काय सांगते आणि घाटात काय करते. याचे महत्त्व पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने २०१५ मध्येच दाखवून दिले. धुराच्या चाचणीत फसवणूक केल्याचे फोक्सवॅगनचे प्रकरण अमेरिकेत उघडकीला आल्यावर एआरएआयच्या तज्ज्ञांनी या कंपनीच्या भारतातल्या गाड्या रस्त्यावर नेऊन तपासल्या, प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात, आणि कंपनीला तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. तेव्हा गाड्यांवर उपकरण बांधून मोजणी करावी लागली होती, आणि त्या पद्धतीने मोजून मोजणार किती? घाटातले यंत्र तेच काम हजारो गाड्यांवर करते. बीएस सहाच्या मोठ्या डिझेल गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइडे मारण्यासाठी जे द्रावण लागते, चालकांच्या भाषेत ‘युरिया’, ते खरोखर भरले जाते की ती यंत्रणाच बंद करून टाकली आहे, तेही अशा नोंदींच्या ढिगातून उघडे पडते. पहिला जाब मालकाच्या आधी कारखान्याला विचारता येतो, ही माझ्या मते या तंत्राची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी वापरलेली ताकद आहे.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जीपवर घर चालवणाऱ्याला तो दंड म्हणजे त्या हंगामाची कमाई. आणि जीप बंद झाली तर ज्या पाड्यावर एसटी दिवसातून एखाद-दोनदाच येते, तिथली बाळंतीण जव्हारच्या रुग्णालयात कशी पोहोचणार? हे दुर्लक्षून केलेली कारवाई म्हणजे शहराचा राग गरिबावर काढणे होईल. याचेही उत्तर हाँगकाँगनेच शोधले होते. यंत्रे लावण्याआधी, २०१३-१४ मध्ये, तिथल्या सरकारने टॅक्सी आणि छोट्या बसचे झिजलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर स्वतःच्या खर्चाने बदलून दिले, बहुतांश मालकांनी ते घेतले, आणि मगच नोटिसा निघू लागल्या. आपल्याकडे जीपच्या काळ्या धुरामागे बहुतेकदा महागडे काही नसते. नोझल आणि पंपाचे रखडलेले काम, तुंबलेला एअर फिल्टर, आणि भेसळीचे डिझेल. ही कामे झाली तर डिझेलही वाचते, म्हणून मालकाला ती पटवणे दंडापेक्षा सोपे आहे. जादा माणसे भरण्यावर मात्र यंत्राकडे उपाय नाही. तो उपाय एसटीच्या फेऱ्यांत आहे.

कायद्याची अडचण वाटते तेवढी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११६ वा नियम निरीक्षकाला, गाडी मर्यादा मोडते असे मानायला कारण असेल तर, तिची चाचणी घ्यायला लावण्याचा अधिकार देतो. आज ते कारण म्हणजे डोळ्यांना दिसणारा काळा धूर, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे डोळ्यांना दिसत नाहीत. यंत्राची दोनदा आलेली जास्तीची नोंद हे अधिक सबळ कारण मानता येईल. हवामानाची अडचण मात्र खरी आहे. जून ते सप्टेंबर जव्हारच्या पावसात आणि धुक्यात झोत पलीकडे पोहोचणारच नाही, आणि ओल्या रस्त्यावरून उडणारे तुषार उरलेसुरले बिघडवतील. मोजणीचा हंगाम नोव्हेंबर ते मे असा धरावा लागेल. स्थलांतराची वाहतूक याच काळात होत असल्याने गमावण्यासारखे त्यात फारसे काही नाही.

पहिल्या हंगामात एकही नोटीस काढू नये. त्यात मॉडेलनिहाय सरासऱ्या काढून त्या कंपन्यांच्या नावांसह प्रसिद्ध कराव्यात, आणि जव्हार आगाराच्या एसटी बसच्या नोंदी थेट आगाराच्या कार्यशाळेकडे द्याव्यात. सरकारी गाडी दुरुस्त करायला दंडाची गरज नसते, आणि तिथे फरक पडतो की नाही हे पुढच्याच हंगामात त्याच चढावर तपासता येईल. जीपमालकांकडे त्यानंतर जावे, आणि तेही दुरुस्तीच्या मदतीसह.